मुंगी नसलेली खोली

आमच्या घरी तांदळाचा एकच डबा होता आणि त्यात मुंग्या शिरल्या की आई रडायची. बाबा उरला या कारखान्यांच्या भागात रोलिंग मिलमध्ये होते. एकदा लाल तापलेली सळई सुटली आणि त्यांच्या पायावर आली. पाय राहिला, पण उभं राहून काम करण्याजोगा राहिला नाही. तेव्हा आई रडली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तिनं पदर खोचला आणि उरल्यातल्याच एका शेडमध्ये कामाला लागली. तिथे मुंग्या मारायचा खडू बनायचा. बाया जमिनीवर बसून खडू डब्यात भरत. तुटलेले तुकडे घरी नेता येत.

त्या तुकड्यांनी आईनं आमची बूढ़ापारा वस्तीतली एक खोली आखून काढली. डब्याभोवती रेघ, उंबऱ्याला रेघ, बाबांच्या खाटेच्या चारी पायांना रेघ, माझ्या पुस्तकांच्या पेटीलाही रेघ. शेजारणी सोन्याच्या बांगड्यांचं सांगत, आई सांगायची, "आमच्या घरी मुंगी नाई." भातालाही आई खडूचाच हात लावायची. "थोडंसं तर हाय," ती म्हणायची, "थोड्याशानं काय होते?"

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि सरकारी किडे-प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. नेमणुकीचं पत्र आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ हसली. "मी किडे मारून मारून तुले शिकवली इंदे, अन् तू किडे पोसाले चालली?"

खरंच तेच काम होतं. मी तीसेक वर्षं किडे पोसले.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. धानाच्या खोडात शिरणारी अळी असते, तिला खोडकिडा म्हणतात. तिनं खोड पोखरलं की लोंब पांढरी पडते, आत दाणा नाही. ही अळी ज्या अंड्यातून निघते त्या अंड्यावर एक फार बारीक माशी आपलं अंडं घालते. माशी पूर्णविरामाएवढी. तिचं नाव ट्रायकोग्रामा, आम्ही नुसतं ट्रायको म्हणायचो. तिचं पिल्लू किड्याचं अंडं आतून खाऊन टाकतं आणि अळीच्या जागी माशीच बाहेर येते. फवारणी न करता किडा जन्माआधीच संपतो.

या माश्या आम्ही खोलीत वाढवायचो. तांदळात होणाऱ्या पतंगाची अंडी डिंक लावलेल्या कार्डावर खसखशीसारखी भुरभुरायची, कार्ड काचेच्या नळीत घालायचं, त्यात माश्या सोडायच्या. चौथ्या दिवशी अंडी काळी पडतात. काळं कार्ड म्हणजे चांगलं कार्ड. त्याच्या पट्ट्या कापून शेतकरी पानांखाली टाचतात. प्रत्येक घाण्यातलं एखादं कार्ड पुढच्या घाण्यासाठी राखून ठेवायचं. घरी विरजण राखतात तसंच. आठ-नऊ दिवसांत एक पिढी होते. म्हणजे माझ्या एका उन्हाळ्यात त्यांच्या आज्या, पणज्या, खापरपणज्या होऊन जायच्या.

या कामातला मोठा शत्रू मुंगी. डिंक आणि अंडी, मुंगीला लग्नाचं जेवणच. रात्रीतून एक रांग आली की सकाळी कार्ड कोरं. म्हणून रॅकच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या. बिसाहू भैया, आमचा शिपाई, रोज सकाळी लोटा घेऊन त्या भरायचा. एका वर्षी डेंग्यू फार झाला. साचलेलं पाणी कुठे कुठे आहे ते बघायला माणसं आली आणि आमच्या वाट्यांकडे बोट दाखवून गेली. वाट्या काढल्या. तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या.

"दीदी, चांटी आ गे!" बिसाहू भैया ओरडत आला. इथल्या बोलीत चांटी म्हणजे मुंगी.

मी पर्समधून खडू काढला. घरी अजून आईसाठी आणत होते, तोच. रॅकच्या पायांना रेघ मारली. मग फळ्यांच्या कडांना मारली, कारण मला काम अर्धवट आवडत नाही. दर सोमवारी नवी रेघ. वर्षभरात आमच्या खोलीत मुंगी दिसली नाही. पाल नाही, कोळी नाही, जाळं नाही. बाहेरून पाहुणे यायचे, म्हणायचे, किती स्वच्छ ठेवली आहे. मी मान ताठ करून ऐकायची. खडू विषारी असतो हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. पण तो जमिनीवर होता, माश्या काचेत होत्या, आणि थोडंसंच तर होतं.

पुढचं सांगायला अजूनही जीव घाबरतो.

अभनपूरकडच्या एका गावात सुकवारो बाई म्हणून शेतकरीण होती. तिच्यासोबत अकरा बायांचा गट. ती फवारत नसे, कारण तिच्या बांधीत धानाबरोबर करमत्ता ही पाण्यातली पालेभाजीही व्हायची. बांधी म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा. त्यातली भाजी ती बाजारात विकायची आणि घरी खायची. औषध मारलं की भाजी गेली. चार वर्षं आमच्या कार्डांवर तिचं धान नीट आलं होतं. तिचं बघून बाकीच्या अकराही जणींनी पंप ठेवून दिले होते.

त्या वर्षी रोवणीला महिना झाला तेव्हा तिचा फोन आला.

"दीदी, तोर कीरा मन सोवत हें का?"

तुझे किडे झोपलेत का. मी हसले. म्हटलं, काहून?

"पांखी मन बइठे हें, पहिली असन. अंडा करिया नइ होवत हे."

पतंग पूर्वीसारखे बसलेत, त्यांची अंडी काळी पडत नाहीत. माझं हसू तिथेच थांबलं. आमच्याकडून तर कार्ड काळंभोर गेलं होतं. मी स्वतः बघून पाठवलं होतं.

त्या दुपारी बिसाहू भैया जेवायला गेल्यावर मी एकटीनं सूक्ष्मदर्शक काढला. नळीतल्या शंभर माश्या मोजायला घेतल्या. नराच्या मिशांवर लांब केस असतात, मादीची मिशी टोकाला जाड असते. अंडं घालते ती मादी, आपल्या कामाची मादी. चांगल्या वाणात शंभरात पासष्ट-सत्तर माद्या निघतात. मी ब्रशनं एकेक सरकवत गेले. नर, नर, नर, मादी, नर. शंभर पूर्ण केल्या. माद्या एकोणतीस.

पुन्हा मोजल्या, दुसऱ्या नळीतल्या. एकतीस.

मग मागचं वर्ष आठवून बघितलं. आधी एका राखीव कार्डाच्या माश्यांनी सहा नवी कार्डं काळी व्हायची. मग पाचच होऊ लागली, तेव्हा मी म्हटलं, उन्हाळा आहे. मग चार, तेव्हा म्हटलं, पतंगाची अंडी बारीक आहेत. आणि मी काय केलं? राखीव कार्डं जास्त घालत गेले. माश्या वाढवल्या की कार्ड काळं होतंच. सैलावत चाललेलं विरजण जास्त घालून दही लावत राहावं, तसं. कार्ड काळं दिसत होतं आणि मी काळ्या कार्डावर समाधानी होते.

आता इथे मला एक कबूल करायचं आहे, आणि ते छापून यावं असंच मला वाटतं. मी चार दिवस कोणाला बोलले नाही.

काहून नाही बोलले? घाबरले. आमच्या ऑफिसात माझ्यापेक्षा मोठ्या घरातून आलेली, बापाची-आजाची डिग्री भिंतीवर लावलेली माणसं होती. त्यांची चूक झाली तर चूक म्हणतात. माझी झाली तर म्हणतील, ही शेवटी कोणाची पोट्टी! असं कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण मी ते रोज ऐकायची. त्या चार दिवसांत गुरुवार आला, गुरुवारी तीन गावांचा डबा जायचा होता. पावतीवर "तपासले, ठीक" लिहायचं असतं. मी लिहिलं. बिसाहू भैयानं डबा उचलला, म्हणाला, "दीदी, तबियत ठीक नइ हे का? मुंह उतर गे हे." मी म्हटलं, डोकं दुखून राहिलं.

तो डबा गेला, आणि ती तीन गावं आजही माझ्या मनातून जात नाहीत.

शुक्रवारी श्रीवास्तव मॅडमच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. त्या आमच्या शास्त्रज्ञ, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी आकडे सांगितले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दीदी, आपने गिना कब?"

"सोमवार को."

"और कल का डिब्बा?"

मी पावतीची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "रजिस्टर लाइए."

रजिस्टर माझ्याच अक्षरात होतं. सहा, सहा, पाच, पाच, चार. वर्षभर मी सगळं खरं लिहिलं होतं आणि एकदाही वाचलं नव्हतं. सहाचे पाच झाले त्या पानावर मॅडमनी बोट ठेवलं. "यहाँ क्या बदला?" तांदूळ बदलला? डिंक? शेजारच्या प्लॉटवर फवारणी? आम्ही एकेक तपासत गेलो. प्रत्येक वेळी उत्तर नाही. खडू माझ्या डोक्यात आलाच नाही. रोज सकाळी खोलीचं कुलूप उघडताना मला वाटायचं, आज आत सगळं मेलेलं असेल. मेलेलं कधीच नव्हतं. माश्या फिरायच्या, काचेवर चढायच्या, जिवंत होत्या. त्याचीच मला अधिक भीती वाटायची. जे मरतं ते दिसतं तरी.

उत्तर घरी मिळालं. आई आता माझ्याकडेच असते, ऐंशीच्या पुढची. रविवारी ती तांदळाच्या डब्याभोवती रेघ मारत होती आणि आपल्याच नादात बोलत होती.

"त्या शेडमंदी पालसुद्धा नव्हती राहत, इंदे. आमच्या जेवणाच्या डब्यावर माशी नव्हती बसत. आम्ही म्हणो, केवढी स्वच्छ जागा हाय!"

मी तिच्या बोटांकडे बघितलं. पांढरी. तीच बोटं तिनं पदराला पुसली, त्याच पदरानं ताट पुसलं. मीही सोमवारी रेघ मारून हात फडक्याला पुसायची, आणि त्याच फडक्यानं काचेच्या नळ्या.

"काय झालं वं?" आईनं विचारलं.

"काही नाही. तो खडू दे माझ्याजवळ."

"मुंग्या येतील ना!"

"येऊ दे."

सोमवारी मॅडमना दुसरी कबुली दिली. त्यांनी विश्वास ठेवण्याआधी प्रयोग लावला. शेजारच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडून थोडी चांगली कार्डं मागवली, तीही प्रयोगापुरतीच मिळाली, कारण त्यांच्याकडचीच मागणी पुरी होत नव्हती. अर्ध्या माश्या धुतलेल्या काचेत, अर्ध्या माझ्या फडक्यानं पुसलेल्या काचेत. पहिल्या पिढीत काहीच फरक नाही. माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं, खडू नसेलच. दुसऱ्या पिढीत थोडा. तिसऱ्या पिढीत मॅडमनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं.

फडक्याच्या नळीत नर मादीच्या जवळून जात होता आणि जातच राहत होता. थांबत नव्हता. मॅडमनी सांगितलं ते असं: या माश्या एकमेकांना वासानं ओळखतात. विष इतकं थोडं आहे की मारत नाही, पण ती ओळख पुसतं. नर मादीला ओळखत नाही. नर न मिळालेली मादीही अंडी घालते, पण या जातीत अशा अंड्यांतून फक्त नर निघतात. पुढच्या पिढीत नर जास्त, माद्या कमी, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत आणखी. आईच्या पायाला लागलेलं पणतीच्या घरात दिसतं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी आईच्या हातांकडे, मग माझ्या हातांकडे बघत बसले. माणूस माशी नाही हे मला कळतं. तरी बघत बसले.

तोवर जुनं वाणही धुतलेल्या काचेत तीन पिढ्या वाढवून बघितलं होतं. सुधारलं नाही. सगळी कार्डं ओव्हनमध्ये घालून संपवली, ते काम मॅडमनी मलाच दिलं. प्रयोगातल्या माश्या मोजण्यातच संपल्या होत्या. आता नवं वाण आणायचं कुठून? मॅडम म्हणाल्या, ज्या शेतात वर्षानुवर्षं औषध पडलं नाही, तिथे या माश्या आपोआप असतात. तिथे ताज्या अंड्यांची कार्डं तीन-चार दिवस टांगायची. माश्या येऊन अंडी घालतील. घातली तर.

असं शेत आमच्या यादीत एकच होतं.

गाडीत बिसाहू भैया माझ्या शेजारी होता. गाव आलं तेव्हा म्हणाला, "सच बोल देबे दीदी. ओ गारी देही, फेर सुन लेही." खरं सांग, ती शिव्या देईल पण ऐकून घेईल.

शेताच्या धुऱ्यावरून चालतानाच पांढऱ्या लोंबी दिसत होत्या. हिरव्यात मधेमधे, वाळलेल्या, सरळ उभ्या. भरलेली लोंब वाकते, ही वाकत नाही. सुकवारो बाई बांधीच्या कडेला बसली होती. शेजारी निळा पंप, भरलेला. गटातल्या दोघी-तिघी उभ्या होत्या. आम्ही अर्धा तास उशिरा पोचलो असतो तर फवारणी सुरू झाली असती.

मी सगळं सांगितलं. वाट्या, खडू, फडकं, नर-मादी. गुरुवारचा डबाही सांगितला. मधे थांबून मी पाणी मागितलं. तिनं लोटा पुढे केला.

"तैं जानत रहे," ती म्हणाली. तुला माहीत होतं.

"हव. चार दिवस."

गटातली एक बाई मागून म्हणाली, "पढ़े-लिखे मन घलो चांटी बर खड़ी खींचथें!" शिकलेलेही मुंग्यांसाठी खडू ओढतात! दुसरी हसली.

मग मी ते मागितलं ज्यासाठी आले होते. म्हटलं, पंप चार दिवस थांबव. तुझ्या बांधीत माश्या असतील, त्या मला हव्यात. आज औषध पडलं की त्याही गेल्या. मग पुढच्या वर्षी द्यायला माझ्याकडे कार्ड नाही, कोणालाच नाही.

ती पांढऱ्या लोंबींकडे बघत राहिली. चार दिवसांत आणखी किती पांढऱ्या होतील हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"तोर बात म एक बेर भरोसा करेंव," ती म्हणाली. तुझ्यावर एकदा भरवसा ठेवला.

मी पिशवीतून कार्डं काढून तिच्यापुढे धरली.

ती उठली. पंप उचलून बांधापलीकडे शेत असलेल्या बायांकडे सरकवला. "तुमन मारव, ओ पार. मोर भाजी वाले खेत म नइ." तुम्ही मारा, त्या बाजूला. माझ्या भाजीच्या शेतात नाही. मग माझ्याकडे वळली. "चार दिन. पांच नइ."

पाच कार्डं टांगली. चौथ्या दिवशी काढायला गेलो तर त्यातली दोन कार्डं मुंग्यांनी साफ केली होती. बिसाहू भैयानं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच दोघंही हसलो, घाबरून. तीन कार्डं नळ्यांत घालून आणली. पहिल्या सकाळी अंडी पिवळट. दुसऱ्या सकाळी पिवळट. खोलीत आता वाट्यांत पाणी होतं, वर जाळी आणि साबणाचा थेंब, डासांसाठी. एवढं सोपं होतं. तिसऱ्या सकाळी मी कुलूप उघडलं पण आत गेले नाही, बिसाहू भैयाला पाठवलं. तो बराच वेळ बाहेर आला नाही.

"दीदी," आतून आवाज आला, "करिया हे. थोरकिन."

थोडीशी. एका कार्डाच्या कोपऱ्यात चोवीस अंडी काळी होती. मॅडमनी जात तपासली, आपलीच निघाली. त्या चोवीस अंड्यांवरून पुढचं सगळं उभं केलं. नळ्या भरायला पूर्ण हिवाळा लागला. दर पिढीला शंभर मोजायच्या आणि आकडा खोलीच्या दारावर लिहायचा, जो येईल त्याला दिसेल असा, हा नियम मी मागून घेतला.

भाजीच्या बांधीतलं धान त्या वर्षी कमी भरलं. किती, ते सुकवारो बाईनं सांगितलं नाही. त्या तीन गावांनाही मी स्वतः जाऊन आले. एका गावानं नंतर कधीच कार्ड घेतलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सुकवारो बाईनं पुढच्या खरिपात घेतलं. डबा हातात घेण्याआधी विचारलं, "गिने हस?" मोजलंस? मी कागद दाखवला. तिला वाचता येत नाही. तिनं तो शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला, मग डबा घेतला.

आईच्या डब्याखाली आता पाण्याची परात आहे. तिला ते पटत नाही. म्हणते, इंदी शिकली अन् घरात मुंग्या आणल्या.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. सुकवारो बाईच्या बांधीतून आणलेलं वाण अजून चालू आहे. शेवटच्या दिवशी मी शंभर माश्या मोजल्या आणि दारावर आकडा लिहिला. एकाहत्तर माद्या.